पैसे हातात द्यायचे

गेल्या महिन्यात आमच्या तात्यांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वरळीला, चाळीतल्या विहारात झाला. वंदना सुरू व्हायला थोडा वेळ होता. सूत्रसंचालन करणारा तरुण कार्यकर्ता वही घेऊन आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "कालकथितांचा परिचय द्या, दोन मिनिटं बोलतो." आम्ही सांगत गेलो. जन्म १९५६, गाव सातारा जिल्ह्यातले. शिक्षण जुनी मॅट्रिक. नोकरी कामगारांच्या एका सहकारी ग्राहक भांडारात, ३७ वर्षे. त्यातली शेवटची २० वर्षे व्यवस्थापक. मागे पत्नी, दोन मुली, जावई, चार नातवंडे.

"आणि चळवळीतलं योगदान?" त्याने विचारले.

आम्ही अडखळलो. तात्या कुठल्या गटाचे पदाधिकारी नव्हते. कधी भाषण केले नाही, कधी अटक झाली नाही. आम्ही गप्प बसलेले पाहून त्याने स्वतःच लिहून टाकले, 'धम्मकार्यात सदैव सहकार्य.' प्रत्येक कार्यक्रमात ज्याच्याबद्दल काही माहीत नसते त्याच्यासाठी आपण हेच वाक्य वापरतो. त्या मुलाची काहीच चूक नव्हती. चूक आमची होती. समाजशास्त्रात एम.ए. केले, दहा वर्षे वस्त्यांमध्ये काम केले, आणि आमच्याच घरातल्या माणसाने काय केले हे आम्हाला एका ओळीत सांगता आले नाही. म्हणून हा लेख.

तात्या म्हणजे आमच्या वडिलांचे थोरले भाऊ. आजोबा गिरणीत, घर बीडीडी चाळीत, एकशे साठ चौरस फुटांची एक खोली. त्या खोलीत एकेकाळी अकरा माणसे राहत. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल पेटली तेव्हा तात्या अठरा वर्षांचे होते. पँथरच्या मोर्च्यात परळला भागवत जाधव मारले गेले, तो सगळा काळ त्यांनी जवळून पाहिला. बरोबरीची पोरे पँथरमध्ये गेली. तात्यांवर मात्र पाठच्या भावंडांचा भार होता. १९७७ साली ते भांडारात लागले, पोती उतरवायला आणि पुड्या बांधायला. पुढे विक्रेता झाले, रोखपाल झाले आणि १९९४ साली व्यवस्थापक.

किराणा दुकानाचा व्यवस्थापक यात विशेष ते काय, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटत होते. पण मित्रांनो, दुकान ही जागा आपल्यासाठी साधी जागा कधीच नव्हती.

मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. १९३० साली समितीचा अहवाल आला. त्यात सामाजिक बहिष्काराचे जे वर्णन आहे ते आजही वाचण्यासारखे आहे. अस्पृश्यांनी कुठे हक्क बजावला की गाव काय करत असे? शेतीची कामे बंद, वाटा बंद, आणि गावच्या वाण्याला ताकीद, की यांना जिन्नस विकायचे नाहीत. मीठ-मिरची, तेल, रॉकेल बंद केले की माणूस आठ दिवसांत गुडघ्यावर येतो, हे गावाला ठाऊक होते. लाठीपेक्षा तराजू जास्त कामाला येत असे.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये ज्या सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करता येणार नाही त्यांची यादी आहे. त्या यादीत दुकानांचा उल्लेख सगळ्यात आधी येतो. हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते त्यानंतर. १९४८ साली संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' या शब्दाची व्याप्ती काय, असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी स्पष्ट केले की हा शब्द फक्त आत शिरू देण्यापुरता नाही. ठरलेल्या अटींवर जो कोणी सेवा देतो, त्याने ती सर्वांना दिली पाहिजे, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात, जातीच्या कारणावरून माल विकायला नकार देणे हा गुन्हा ठरला. आपण पाण्याची लढाई लक्षात ठेवतो, मंदिराची ठेवतो. दुकानाच्या पायरीची लढाई विसरतो, कारण ती रोजची होती आणि बहुतेक आपल्या आया-आज्या लढल्या.

आमची आजीही त्यातलीच. तात्यांनी ही गोष्ट आम्हाला एकदाच सांगितली, तीही आम्ही खोदून विचारल्यावर. ते सात-आठ वर्षांचे असतील. आजी त्यांना घेऊन गावच्या दुकानाला जायची. वर चढायचे नाही, पायरीच्या खाली उभे राहायचे. पैसे पायरीवर ठेवायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. मीठ वरून सोडायचा, आजी खाली पदर धरायची. थोडे पदरात, थोडे मातीत. आजी मातीतलेही वेचून घ्यायची. "मला मिठाचं काही वाटलं नाही," तात्या म्हणाले, "पण परत द्यायचे सुटे पैसे तो लांबून टाकायचा. ते घरंगळत जायचे आणि आई त्यांच्या मागं वाकून पळायची. ते मला बघवायचं नाही."

भांडारात तात्यांनी व्यवस्थापक झाल्यावर पहिला नियम केला तो हा: गिऱ्हाइकाचे पैसे काउंटरवर टाकायचे नाहीत, हातात द्यायचे. मोजून, तळहातावर ठेवून. गिऱ्हाईक कोणीही असो, मोठ्या गाडीतून आलेले असो की नाका कामगार असो. नवा पोरगा कामाला लागला की त्याला आधी हे शिकवले जायचे, भाव आणि वजने मागाहून.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे भांडारात पिशव्या भरायला जायचो, तेव्हा पाहिलेली एक गोष्ट सांगतो. जवळच्या इमारतीतल्या एक वयस्क बाई नेहमी यायच्या. तात्या १४ एप्रिलला सुट्टी घेतात हे त्यांना कुठून तरी कळले आणि तेव्हापासून त्या पैसे हातात देईनाशा झाल्या. नोट काउंटरवर ठेवून बोटाने पुढे सरकवायच्या. तात्या नोट उचलायचे, पण परतीचे पैसे काउंटरवर ठेवायचे नाहीत. हात पुढे करून उभे राहायचे. "घ्या ताई, मोजून घ्या." बाई काउंटरकडे बोट दाखवायच्या. तात्या तसेच उभे. मागे रांग वाढायची. दोन-तीनदा बाई पैसे न घेताच निघून गेल्या. तात्यांनी ते पैसे पाकिटात घालून वर तारीख आणि रक्कम लिहिली, आणि पुढच्या खेपेला पाकीट पुन्हा हातानेच पुढे केले. आवाज चढवला नाही, वाद घातला नाही. असे दीड-दोन महिने चालले. एके दिवशी बाईंनी हात पुढे केला. त्यांचे मतपरिवर्तन झाले असे आम्ही म्हणत नाही. मन कोणी पाहिले आहे? हात पुढे आला, एवढे आम्ही पाहिले.

आता विचार करा. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पनेवर वीस गुणांची उत्तरे लिहिली. शहरात गेले की जात गळून पडते आणि बाजाराला फक्त पैसा कळतो, हा सिद्धांत आम्ही वाचला आणि खोडूनही काढला. १९१७ नंतर मुंबईत बाबासाहेबांनी शेअर-व्यवहाराचा सल्ला देणारी कचेरी काढली, आणि सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरली, हे उदाहरण आम्ही परीक्षेत लिहिले. अकरा राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर आधारलेला, २००६ साली पुस्तकरूपाने आलेला अस्पृश्यतेचा अभ्यासही वाचला. अनेक गावांत आपल्या लोकांना दुकानात शिरू देत नाहीत आणि दूध संस्था त्यांचे दूध घेत नाही, हे त्यातून कळले. हे सगळे आम्ही पुस्तकांतून शिकत होतो, आणि जो माणूस रोज सकाळी नऊ ते रात्री नऊ त्याच प्रश्नासमोर हात पुढे करून उभा होता, त्याला आम्ही नोकरदार म्हणत होतो.

हे आम्हाला कबूल करायचे आहे. २००६ च्या सप्टेंबरात खैरलांजी घडले. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. रक्त उसळत होते. मोर्चा ठरला आणि आम्ही तात्यांना म्हटले, चला. तात्या म्हणाले, "दिवाळीचा माल उतरतोय, मला निघता येणार नाही. किती जण जाताय?" आम्ही म्हटले, चाळीस. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी चाळीस माणसांच्या भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या आणून ठेवल्या. काकी आणि दोन्ही मुली रात्रभर भाकऱ्या थापत होत्या आणि तात्या स्टोव्हपाशी बसून त्या भाजत होते. आम्ही भाकरी घेतली आणि निघताना चार लोकांसमोर म्हणालो, "भाकरी देऊन भेकडपणा झाकत नाही, तात्या."

त्यांनी उत्तर दिले नाही. पाण्याच्या बाटल्या मोजत राहिले. पुढे कधी तो विषय काढला नाही, आणि आम्हीही माफी मागितली नाही. वाटले, वेळ आहे.

भेकड माणूस कसा वागतो ते १९९९ साली आम्ही पाहायला हवे होते. तेव्हा आम्ही लहान होतो, पुढे काकींनी सांगितले. वार्षिक साठा तपासणीत दोन क्विंटल साखरेची तूट निघाली. किराणा मालात थोडी तूट निघतेच; पोती झाडताना सांडते, गूळ वाळतो, उंदीर खातात. पण दोन क्विंटल म्हणजे चोरी, असा हिशेब झाला. चौकशी व्हायच्या आधीच कुजबुज सुरू झाली. "यांच्या हातात गल्ला दिला की हेच होणार," असे संचालकांपैकी एकजण तात्यांना ऐकू जाईल असे बोलला. दुसऱ्या एखाद्या व्यवस्थापकाकडे तूट निघाली तर ती त्या माणसाची चूक असते. आपल्या माणसाकडे निघाली की ती समाजाची होते.

तात्या तीन रात्री भांडारातच राहिले. वर्षभराची चलने, आवक नोंदवही, विक्रीच्या पावत्या, सगळे एकेक करून ताडून पाहिले. तिसऱ्या रात्री सापडले. साखरेचे एकच चलन दोनदा नोंदले गेले होते, एकदा माल आल्यावर आणि एकदा बिल आल्यावर. आलेला माल एकपट, वहीत दुप्पट. तूट नव्हतीच. समितीने मान्य केले आणि म्हणाली, "झालं गेलं विसरा." तात्या म्हणाले, "विसरतो. पण आधी इतिवृत्तात नोंद करा की तूट नव्हती, नोंदीची चूक होती आणि व्यवस्थापक निर्दोष आहे." त्यांना सांगण्यात आले की एवढ्याशा गोष्टीची नोंद कशाला. त्यांनी लेखी अर्ज दिला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या बैठकीत नोंद झाली. त्या पानाची नक्कल त्यांनी मागून घेतली. परवा कपाट आवरताना ती सापडली, दोन्ही मुलींच्या जन्मदाखल्यांच्या फायलीत.

ज्या समाजाचे म्हणणे हजारो वर्षे कोणी लिहून घेतले नाही, त्या समाजातला माणूस नोंदीसाठी का भांडतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

तात्या धम्मावर प्रवचन देत नसत. पण सम्यक आजीविका म्हणजे काय ते त्यांच्या काट्यावर दिसायचे. जुना पारड्यांचा तराजू होता तेव्हा दुकान उघडले की पहिले काम पासंग बघणे. दोन्ही पारडी रिकामी, दांडी सरळ आहे की नाही. वजनांवरचा सरकारी शिक्का दरवर्षी वेळेत. पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला तरी शून्य पाहिल्याशिवाय त्यांनी कधी माल तोलला नाही. 'मापात पाप' ही म्हण ते फार वापरायचे. ब्रह्मजाल सुत्तात भगवान बुद्धांनी खोटा तराजू आणि खोटे माप यांपासून अलिप्त राहण्याचा उल्लेख शीलात केला आहे. भगवंतांचे पहिले दोन उपासक, तपुस्स आणि भल्लिक, हे व्यापारीच होते. धम्म डोंगरातल्या लेण्यांइतकाच बाजारपेठेतही वाढला आहे, हे आपण विसरतो.

१९८२ चा संप १८ जानेवारीला सुरू झाला आणि गिरणगावातल्या सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरातली चूल मंदावली. भांडाराचा नियम रोखीचा, उधारी नाही. तात्या तेव्हा रोखपाल. काही महिन्यांनी चाळीतल्या बायका दुकानासमोर यायच्या, भाव विचारायच्या आणि परत जायच्या. तात्यांनी व्यवस्थापकाला लिहून दिले की अमुक पाच घरांना महिन्याला तांदूळ, डाळ आणि तेल द्यावे, पैसे माझ्या पगारातून कापावे. त्या पाच घरांत सगळी आपलीच नव्हती. दोन मराठ्यांची होती, एक भंडाऱ्याचे. पैसे कोणी परत केले, कोणी नाही. तात्यांनी यादी केली नव्हती. पण काकींना ते दिवस आठवतात, कारण थोरली तेव्हा पोटात होती आणि घरात दूध अर्धा लिटरवर आले होते. म्हणजे तात्यांच्या उदारपणाचा अर्धा भार काकींनी उचलला, हेही इथेच लिहायला हवे.

घरात तात्या कसे होते? सकाळी पाचला उठून नळाचे पाणी भरायचे, चहा करायचे, मग काकींना उठवायचे. मुलींच्या वेण्या घालायचे. चाळीत यावरून हसायचे लोक. दुसरी मुलगी झाली तेव्हा नातेवाईक हळहळायला आले, तर तात्यांनी भांडारातून चार किलो बर्फी आणून सबंध मजल्यावर वाटली. पगार झाला की बिस्किटांच्या चार डब्यांत पैसे वाटले जायचे: घरखर्च, मुलींचे शिक्षण, गाव आणि शिल्लक. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे, ते आम्ही फार पुढे वाचले. तात्यांची वाटणी त्या सुत्ताशी तंतोतंत जुळत नाही, शिक्षणाचा डबा सगळ्यात जड असायचा. थोरली आज परिचारिका आहे, धाकटी शिक्षिका.

आणि सहा डिसेंबर. चैत्यभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी आमच्या चाळीचा अल्पोपाहाराचा मंडप असतो. मंडपात फोटो कार्यकर्त्यांचे निघतात. पण शंभर माणसांना किती किलो पोहे, किती कांदा, किती तेल, कोणत्या दिवशी कोणत्या बाजारातून स्वस्त, हा हिशेब तीस वर्षे तात्यांनी केला. त्या चिठ्ठ्याही कपाटात सापडल्या, वर्षवार लावलेल्या. एका वर्षाच्या चिठ्ठीखाली लिहिले आहे, "विदर्भातून आलेली माणसं दोन दिवस उपाशी असतात. पोहे कमी पडता कामा नयेत."

त्यांच्या सगळ्या गोष्टी आम्हाला पटत नव्हत्या. दसऱ्याला भांडारात पूजा व्हायची. तात्या स्वतः हात जोडत नसत, बावीस प्रतिज्ञा त्यांनी मनापासून घेतल्या होत्या, पण पूजेला विरोधही केला नाही. बाबासाहेबांचा फोटो त्यांनी दुकानात लावला नाही. आम्ही याला तडजोड म्हणायचो आणि आजही म्हणू. तात्या म्हणायचे, "फोटो लावला असता तर त्यांनी फोटो बघितला असता. मला त्यांनी माझा काटा बघायला हवा होता." हा वाद आमच्यात मिटला नाही आणि आता मिटणार नाही.

आज आम्ही वस्तीत रेशनचे काम करतो. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क आहे. तरी अंगठा उमटला नाही म्हणून बायका परत पाठवल्या जातात, कार्ड अंगावर फेकले जाते, पाचाचे साडेचार होतात. आम्ही बायकांना शिकवतो: आधी काट्यावर शून्य बघा, पावती मागा, कार्ड फेकले तर उचलू नका, त्याला हातात द्यायला लावा. परवा एका मावशीने दुकानासमोर तसेच केले. फेकलेल्या कार्डाकडे बोट दाखवून उभी राहिली. मागे रांग वाढली. शेवटी दुकानदार उठला. हे आम्ही कोणत्या प्रशिक्षणात शिकलो, असे त्या मावशीने विचारले तेव्हा तोंडात तात्यांचे नाव आले.

चळवळ म्हणजे फक्त मोर्चा आणि मंच असे आपण मानले, तर आपल्या घरातली निम्मी माणसे चळवळीबाहेर जातील, आणि बायका तर जवळजवळ सगळ्याच. मोर्चा लागतोच. खैरलांजीला रस्त्यावर उतरणे बरोबर होते, ते आम्ही पुन्हा करू. पण मोर्च्यातल्या चाळीस माणसांची भाकरी ज्यांनी भाजली, त्यांना भेकड म्हणण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. तात्या, आमचे चुकले. हे तुम्ही असताना म्हणायला हवे होते.

मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या घरात असा माणूस असेल. बस कंडक्टर, पोस्टमन, शाळेतली शिपाईबाई, अंगणवाडी सेविका. त्यांना आजच बसवून विचारा की कामाच्या ठिकाणी त्यांनी काय सोसले आणि काय बदलले. वहीत उतरवा, तारखेसह. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सूत्रसंचालकाने योगदान विचारले तर तुम्हाला आमच्यासारखे अडखळावे लागू नये.

आणि आमच्या तात्यांच्या परिचयातले 'धम्मकार्यात सदैव सहकार्य' हे वाक्य खोडून त्या जागी हे लिहावे: त्यांनी ३७ वर्षे माप खरे ठेवले आणि प्रत्येकाचे पैसे प्रत्येकाच्या हातात दिले. इतिवृत्तात तशी नोंद व्हावी, एवढीच मागणी आहे.

जय भीम!